आवडते, पण का आवडते?

गेल्या दिवाळीत माझी एक भाची चार दिवस आमच्याकडे राहायला आली होती. मुलगी सांगलीकडची, शिक्षणाने आणि व्यवसायाने नर्स. फराळाच्या डब्याबरोबर तिने आणखी एक वस्तू आणली होती. इंग्रजी संभाषणाच्या एका क्लासने आपल्या विद्यार्थ्यांना वाटलेली नमुना-उत्तरांची चोपडी. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी घरातली मंडळी वामकुक्षी करीत असताना ही मुलगी माजघरात येरझाऱ्या घालीत काहीतरी पुटपुटत होती. आधी मला वाटले, एखादे स्तोत्र म्हणते आहे. कान दिला तेव्हा कळले की, 'तुम्हाला कोणत्या प्रकारचे संगीत आवडते?' या प्रश्नाचे इंग्रजी उत्तर पाठ करणे चालले आहे. उत्तराचा भावार्थ असा : मला पॉप संगीत फार आवडते, त्याच्या चाली चटकन मनात बसतात, दिवसभराच्या धकाधकीनंतर ते ऐकले की विसावा मिळतो, शास्त्रीय संगीत मात्र माझा 'कप ऑफ टी' नव्हे.

मी चकित झालो. या मुलीला मी जन्मापासून ओळखतो. तिच्या वडिलांचे वडील गावच्या भजनी मंडळात होते. पाच-सहा वर्षांची असल्यापासून ती दर एकादशीला त्यांच्या मांडीला मांडी लावून टाळ वाजवीत बसे. अजूनही रात्रपाळी असली की तोंडातल्या तोंडात अभंग गुणगुणते, असे तिची आई सांगते. पॉप संगीत तिने ऐकले नसेल असे नाही. पण त्याने तिचा जीव कधी हरखलेला मी पाहिला नव्हता.

"अगं, हे कुणाचं उत्तर?" मी विचारले.

"पंधराव्या पानावरचं."

"आणि तुझं स्वतःचं?"

"माझं कसं सांगणार, मामा? भजनाला इंग्रजीत काय म्हणायचं? पखवाजाला काय म्हणायचं? त्यापेक्षा पॉप बरं!"

'त्यापेक्षा पॉप बरं' हे तीन शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. दिवाळी अंकातून आपण कादंबऱ्यांची समीक्षा करतो, नाटकांची करतो, कवितासंग्रहांची तर करतोच करतो. आजच्या तरुणांच्या हाती कवितासंग्रहापेक्षा ही असली चोपडीच अधिक वेळा दिसते. मग तिलाही एकदा समीक्षकाच्या चिमटीत धरून पाहायला काय हरकत आहे?

२

आधी परीक्षेविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत. कारण अशा वेळी सगळा दोष परक्यांच्या माथी मारून मोकळे होण्याचा मोह आपल्याला फार होतो. आयेल्ट्स ही परीक्षा ब्रिटिश कौन्सिल, ऑस्ट्रेलियाची आय. डी. पी. आणि केंब्रिज यांची सामाईक. ती १९८९ साली सुरू झाली. परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्याचे इंग्रजी ती ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे अशा चार अंगांनी जोखते व ९ पैकी गुण देते. इंग्लंडात नर्स म्हणून नाव नोंदवायचे तर तिथल्या नर्सिंग ॲण्ड मिडवायफरी कौन्सिलला या परीक्षेत बोलण्याचे ७ गुण लागतात. माझ्या भाचीला आदल्या खेपेस ६.५ मिळाले होते. त्या अर्ध्या गुणापायी तिची नोकरी, घराचे कर्ज आणि धाकट्या भावाचे शिक्षण अशा तीन गोष्टी अडून बसल्या होत्या. तेव्हा माजघरातल्या त्या येरझाऱ्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

बोलण्याची परीक्षा एकूण ११ ते १४ मिनिटांची. समोर एक परीक्षक आणि मध्ये ध्वनिमुद्रणाचे यंत्र. आरंभी घर, काम, आवडीनिवडी यांबद्दलचे साधे प्रश्न. मग एक कार्ड हाती देतात. त्यावरच्या विषयाचा विचार करायला १ मिनिट आणि बोलायला १ ते २ मिनिटे. शेवटी त्याच विषयाच्या अनुषंगाने थोडी खोल चर्चा. संगीत या तिन्ही जागी येऊ शकते. आवडते संगीत कोणते, बालपणापासून लक्षात राहिलेले एखादे गाणे कोणते, मुलांना शाळेत संगीत शिकवावे काय, अशी ही चढती भाजणी असते.

गुण कशाला? बोलण्याचा ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण व उच्चार या चार गोष्टींना. अभिरुचीला गुण नाहीत! बेटहोवन आवडणाऱ्याला जास्त आणि बँडबाजा आवडणाऱ्याला कमी, असा प्रकार तिथे नाही. उलट पाठ केलेले उत्तर परीक्षकाच्या कानाला तेव्हाच कळते आणि ते उमेदवाराच्या हिताचे ठरत नाही. म्हणजे माझ्या भाचीने जी लबाडी कष्टाने पाठ केली होती, ती मागितली कुणीच नव्हती.

परीक्षकाने उमेदवाराची आवड विचारावी, हीसुद्धा तशी अलीकडचीच गोष्ट आहे. केंब्रिजने १९१३ साली परभाषिकांसाठी इंग्रजीची उच्च परीक्षा प्रथम घेतली, तेव्हा तिला अवघे ३ उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले. त्यांना भाषांतर, निबंध, वाङ्मय आणि उच्चारशास्त्र यांचे पेपर सोडवावे लागले होते. तोंडी परीक्षा होती ती वेगळीच. त्या तिघांच्या आवडीनिवडीशी त्या पेपरांना काही देणेघेणे नव्हते. आज परीक्षक म्हणतो, 'तुमच्याविषयी बोला.' ज्या विषयात उमेदवार जगातल्या कोणाहीपेक्षा अधिक जाणकार, तोच विषय त्याला दिला जातो. आणि नेमका तिथेच आमचा उमेदवार पंधराव्या पानामागे दडून बसतो.

३

आता त्या चोपडीकडे वळू. संगीतावरची सगळी उत्तरे मी एका बैठकीत वाचून काढली. वाङ्मय म्हणून त्यांचा पहिला विशेष असा की, ती निरनिराळ्या माणसांच्या तोंडी घातलेली असूनही माणूस एकच आहे. तो सदैव दमलेला असतो. सकाळी दमतो, संध्याकाळी दमतो आणि संगीत ऐकून विसावतो. पॉप आवडणारा विसावतो, जाझ आवडणाराही विसावतो. रॉक नावाचा जो दणदणाट आहे, तो ऐकूनसुद्धा हा गृहस्थ विसावतोच! संगीत म्हणजे त्याच्या लेखी डोकेदुखीवरची गोळी. तिची पुडी हिरवी की तांबडी, एवढाच काय तो 'प्रकारा'चा प्रश्न.

दुसरा विशेष असा की, या उत्तरांत आवाज नाही. गाणाऱ्याचा गळा जाड की पातळ, वाद्य कोणते, गाणे कुठे ऐकले, शेजारी कोण होते, बाहेर पाऊस होता की ऊन, यांतले एक अक्षर नाही. गाण्यावरचे ८-१० परिच्छेद वाचावेत आणि एकही सूर कानी पडू नये, ही किमया साधणे सोपे नाही.

तिसरा विशेष म्हणजे वाक्प्रचारांची आरास. 'कप ऑफ टी' हा त्यातलाच. सांगलीकडच्या माणसाने चहाचा कप नाकारावा, हेच मुळी संशयास्पद आहे. पण क्लासची समजूत अशी की, असे दागिने घातले म्हणजे शब्दसंपत्ती दिसते. उसन्या दागिन्यांची एक खोड असते. घालणारी सारखी चाचपून पाहत राहते आणि बघणाऱ्याच्या ते नेमके लक्षात येते.

हे लिहिताना मला हसू येत होते. पण मग मी आपल्याकडच्या मैफलींचे वृत्तान्त आठवू लागलो आणि हसू मावळले. 'श्रोते मंत्रमुग्ध झाले', 'सुरांची बरसात झाली', 'भावपूर्ण गायनाने रसिक तृप्त झाले', ही वाक्ये आपण किती वर्षे वाचतो आहोत! त्यांतून गायकाचे नाव काढून दुसऱ्याचे घातले तर काय बिघडेल? हीसुद्धा पंधराव्या पानावरचीच उत्तरे आहेत. फक्त ती मराठीत आहेत. गाणे संपल्यावर आपण 'वा!' म्हणतो, फार तर मान डोलावतो, आणि कोणी 'काय आवडलं?' असे विचारले की म्हणतो, 'ते शब्दांत सांगता येत नाही हो!' सांगता येत नाही की सांगण्याचा प्रयत्न आपण कधी केलेला नाही?

४

तसा प्रयत्न कोणी केला नाही असे मात्र नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर! दोन नाटक मंडळ्यांचे दोन मानबिंदू एका रंगमंचावर उभे राहिले. त्याच वर्षी केशवराव गेले, त्यामुळे त्या प्रयोगाला पुढे दंतकथेचे तेज चढले. पण मला त्यातले महत्त्वाचे वाटते ते हे की, त्याविषयीचे वाद पुढे कितीतरी वर्षे घरोघर चालू होते. माझ्या लहानपणी आजोबा आणि त्यांचे एक स्नेही यांच्यात ते ओसरीवर झडत. दोघांनीही तो प्रयोग पाहिलेला नव्हता. पण दोघांनाही आपापली बाजू होती. एकाला गंधर्वांच्या गळ्यातला मऊपणा हवा, शब्दाला न दुखवता सूर लावण्याची ती रीत हवी. दुसऱ्याला केशवरावांची तडफ आणि उसळून येणारी तान हवी. 'आवडते' असे म्हणून कोणी थांबत नसे. 'का आवडते' याचा जाब देणे भाग पडे. इंग्रजीचा गंध नसलेली ती दोन म्हातारी माणसे परीक्षेच्या तिसऱ्या भागात सहज पहिल्या वर्गात आली असती.

या ओसरीवरच्या वादालाच पुढे वामनराव देशपांडे यांनी ग्रंथाचे रूप दिले, असे म्हटले तरी चालेल. त्यांचे 'घरंदाज गायकी' १९६१ साली निघाले. वामनराव पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. गाण्याचा हिशेबही त्यांनी तसाच चोख मांडला. स्वर आणि लय ही दोन टोके धरून कोणते घराणे कुणाच्या किती जवळ, हे त्यांनी पाहिले. किराणा स्वराकडे झुकलेले, आग्रा लयीकडे, आणि दोहोंचा तोल राखणारे जयपूर, अशी त्यांची मांडणी. ती सर्वांना पटली नाही, आणि पटायला हवी असेही नाही. पण ते पुस्तक वाचल्यावर 'मला अमक्याचे गाणे आवडते' एवढेच म्हणून गप्प बसणे कठीण होते. आवड ही नुसती सांगायची गोष्ट नाही, ती तपासता येते, हे त्याने मराठी वाचकाला दाखवले.

थोडक्यात, आवडीला कारण देणे ही समीक्षेची पहिली पायरी आहे. परीक्षक माझ्या भाचीकडून तेवढीच अपेक्षा करीत होता. ती पायरी आम्ही तिला घरी, तिच्या स्वतःच्या भाषेत, कधी चढायला लावली नव्हती.

५

मी चोपडी मिटली आणि म्हटले, "पॉप राहू दे. एकादशीच्या भजनाचं सांग. पण मराठीत नको, तुला येतं त्या साध्या इंग्रजीत सांग."

पहिली ठेच 'पखवाज' या शब्दालाच लागली. मी म्हटले, शब्द तसाच ठेव आणि पुढे वर्णन कर : मांडीवर आडवा घेऊन दोन्ही हातांनी वाजवायचा लांबट ढोल. टाळ म्हणजे दोरीने जोडलेल्या काशाच्या दोन लहान वाट्या. 'धृपद' सांगताना ती म्हणाली, "एकजण ओळ म्हणतो आणि बाकीचे ती त्याला परत देतात." इंग्रजी अगदी चौथीच्या मुलाचे, पण 'परत देतात' या क्रियापदात सगळे भजनी मंडळ उभे राहिले. पंधराव्या पानावर असे क्रियापद नव्हते.

खरी पंचाईत पुढे झाली. "आणि मग भजन रंगतं," असे म्हणून ती थांबली. 'रंगतं'ला इंग्रजी काय? तिने फोनवरचा शब्दकोश चाळला. तो तिला रंगाऱ्याच्या दुकानात घेऊन गेला. मी विचारले, "रंगतं म्हणजे नेमकं काय होतं? डोळ्यांना काय दिसतं?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सुरुवातीला माणसं दाराकडे बघत असतात. कोण आलं, कोण उठलं, चहा आला का. मग लय थोडी वाढते. आजोबा डोळे मिटतात. आणि मग कुणीच दाराकडे बघत नाही."

मामा या नात्याने मी उगीच कौतुक करीत नाही; पण भजन रंगण्याचे याहून चांगले वर्णन मी वाचलेले नाही. मराठीत ती 'रंगतं' म्हणून सुटली असती. तो शब्द इतका तयार आहे, इतका आपल्या हाताखालचा आहे, की त्याच्या आत काय आहे ते पाहण्याची वेळच आपल्यावर येत नाही. परक्या भाषेत तो शब्द नव्हता म्हणून तिला त्याच्या आत पाहावे लागले. दुसऱ्याच्या भाषेत आपले सांगताना आपले काही हरवते, अशी तक्रार आपण नेहमी करतो आणि ती खोटी नाही; पण कधी कधी आपलेच आपल्याला सापडते, हेही खरे.

आणखी एक गोष्ट तिला सापडली. रात्रपाळीला ती अभंग का गुणगुणते? विसाव्यासाठी नव्हे. "झोप येऊ नये म्हणून," ती म्हणाली, "आणि सलाईन बदलताना हात घाई करू नये म्हणून. मनात ठेका धरला की हात बरोबर चालतात." म्हणजे संगीत तिला निजवीत नाही, जागे ठेवते! अख्ख्या चोपडीतल्या दमलेल्या गृहस्थाला ही एक मुलगी खोटे ठरवून गेली.

६

"पण २ मिनिटांत हे सगळं कसं बसवायचं?" हा तिचा पुढचा प्रश्न. मी तिला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांची गोष्ट सांगितली. त्यांच्या एका बाजूवर जेमतेम ३ ते साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. तास-तास एक राग मांडणाऱ्या गवयांना ते यंत्र अरसिकच वाटले असणार. तरीही अब्दुल करीम खाँसाहेबांनी आणि केसरबाई केरकरांनी त्या इवल्याशा जागेत जे भरून ठेवले, ते आजही पुरते. वेळ थोडा आहे ही अडचण खरी. पण ती गाणाऱ्याला भलतेसलते गाऊ देत नाही, हा तिचा गुणही आहे.

केसरबाईंच्या अशाच एका भैरवीची कथा तर जगावेगळी आहे. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. पृथ्वीची ओळख म्हणून प्रत्येकात एक सोनेरी तबकडी ठेवली. 'पृथ्वीवरच्या माणसांना कोणते संगीत आवडते?' या प्रश्नाचे उत्तर कार्ल सेगन यांच्या समितीला द्यायचे होते, आणि जागा होती सुमारे ९० मिनिटांची! त्यांनी २७ रचना निवडल्या. त्यात बाख होता, बेटहोवन होता, आणि गोव्याच्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी होती. ५५ भाषांतल्या अभिवादनांत मराठीही होती. केसरबाई त्याच वर्षी १६ सप्टेंबरला गेल्या. त्यांचा सूर तेव्हा पृथ्वी सोडून निघालेला होता.

ही गोष्ट सांगून लोक म्हणतात, 'पाहा, संगीताला भाषा लागत नाही!' मला ते पुरते पटत नाही. समजा, कुठल्या तरी दूरच्या ताऱ्याजवळ कोणाला ती तबकडी सापडली आणि वाजवता आली. आवाज त्याला ऐकू येईल; पण भैरवी ही मैफल संपताना म्हणतात, तिच्यात निरोप असतो, ती ऐकताना माणसे जायला उठण्याऐवजी अधिकच रेलून बसतात, हे त्याला कोण सांगणार? ते सांगायला शेजारी बसलेला एखादा माणूस लागतो आणि त्या माणसाला भाषा लागते. सूर पोचवायला भाषा लागत नसेल. आवड पोचवायला लागते.

७

आता परीक्षेचे काय झाले ते सांगतो. भाची डिसेंबरात पुन्हा बसली. संगीताविषयी तिला अवाक्षर विचारले नाही! प्रश्न आले पावसाळ्याचे आणि छत्र्यांचे. चोपडीत छत्रीवरही पान होते म्हणे. पण तिने ते वापरले नाही. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत कृष्णेचा पूर आला, तेव्हा छत्री हातात असून तिचा उपयोग फक्त पाण्याची खोली अजमावण्यापुरताच कसा झाला, ते तिने सांगितले. ऐन गोष्टीत असताना परीक्षकाने वेळ संपल्याचे सांगून थांबवले. तसा तिथला नियमच आहे. बाहेर येऊन तिने मला फोन केला तो चिडूनच : "मामा, रंगायच्या आतच थांबवलं हो!" गुण मिळाले ७.

सध्या ती इंग्लंडात एका इस्पितळात आहे. परवा सांगत होती, रात्रपाळीच्या चहाच्या वेळी एका सहकारिणीने तिला सहज विचारले, तुला कोणते संगीत आवडते? हिने एकादशी सांगितली, टाळ सांगितले, दाराकडे न बघणारी माणसे सांगितली. ती बाई वेल्सची होती. तिने आपल्या गावच्या चर्चमधल्या गाणाऱ्या मंडळींचे सांगितले. दोघींचे चहा गार झाले. परीक्षा खरी झाली ती तिथे; तिला गुणपत्रिका नाही, एवढेच.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा घरात चार माणसे जमलेली असतील, चकलीचा डबा मध्ये असेल आणि कोणीतरी कोणते तरी गाणे लावलेले असेल. आजी असेल, जावई असेल, कानात यंत्र खुपसून बसलेला नातू असेल. एकमेकांना हा प्रश्न विचारून पाहा, आणि 'छान आहे', 'बरं वाटतं' या उत्तरांवर सोडू नका. नातवाला त्याच्या पॉपचेही कारण विचारा. त्यालाही ते असेल आणि ते पंधराव्या पानावरचे नसेल. पुढे ज्यांना ते परक्या मुलखात, परक्या भाषेत सांगायचे आहे, त्यांनी ते निदान एकदा तरी आपल्या घरात, आपल्या माणसांपुढे सांगितलेले असावे.